ज्याला येतं त्याचे हात मागे

मी लिहावं असं माझ्याजवळ फारसं काही नाही, हे आधीच सांगून टाकते. परीक्षेची उत्तरं सोडली तर मी आजवर सलग चार पानं कधी लिहिलेली नाहीत. आमच्या घरात आई अंगठा करते आणि वडील सही करतात, त्यापुढे लिहिण्याशी आमचा संबंध नव्हता. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी मराठीच्या मॅडम म्हणाल्या, "ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल लिहा." मला एकच माणूस सुचला, आणि त्यांच्याबद्दल लिहायचा मला हक्क आहे की नाही याचीच मला खात्री नाही. मी त्यांच्याकडे जेमतेम दीड वर्ष शिकले. त्यातला बराच काळ मला त्यांचा संशय यायचा. अजूनही तो पूर्ण गेला आहे असं म्हणवत नाही. तेव्हा वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव लिहीत नाही. स्वतःचं नाव छापलेलं दिसलं तर ते पहिला प्रश्न विचारतील, "हे तुला कोणी लिहून दिलं?"

आमचं गाव एरंडोल आणि पारोळ्याच्या मध्ये, हायवेपासून थोडं आत. शाळा जिल्हा परिषदेची, दहावीपर्यंत. वडील सावद्याहून केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. आई रोजाने कापूस वेचायला जाते. मी आठवीत असताना, म्हणजे करोनाच्या आधी, हे सर आमच्या शाळेत आले. ते धुळ्याहून रोज एसटीने जा-ये करायचे.

अंगाने बारीक, शर्ट पूर्ण बाह्यांचा, बाह्यांची बटणं उन्हाळ्यातही लावलेली. बाकीच्या शिक्षकांच्या खिशाला पेन असायचं, यांच्या खिशाला टेस्टर. वीज आहे की नाही बघायचा, लाल मुठीचा, तसा. वर्गात आले की आधी खुर्ची हलवून बघत, मग बसत. चहा आला की वास घेत. कुलूप लावलं की तीनदा ओढत, आणि चार पावलं जाऊन परत येऊन पुन्हा ओढत. एसटीला 'धुळे' अशी ठळक पाटी असली तरी कंडक्टरला विचारत, "ही धुळ्यालाच जाते ना?" कंडक्टर हो म्हणाला की मागच्या प्रवाशाला विचारत. एका कंडक्टरने वैतागून म्हटलं होतं, "सर, रोज तर जातेय!" त्यावर सर म्हणाले, "काल गेली होती. आजचं विचारतोय."

मुलांनी त्यांना 'खोटं सर' म्हणायला पहिल्याच आठवड्यात सुरुवात केली. कारण सोपं होतं. कुठलाही शिक्षक शिकवून झालं की विचारतो, "कळलं का?" आणि सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो ऽऽ सर!" आमच्या शाळेत हा सूर पहिलीपासून पाठ असतो. सरांनी पहिल्या तासाला विचारलं, "कळलं का?"

"हो ऽऽ सर!"

"खोटं," सर म्हणाले.

वर्ग हसला. ते हसले नाहीत. "एवढी पोरं आणि सगळ्यांना एकदम कळलं? एकालाही शंका नाही? हे खोटं आहे. आता ज्याला कळलं नाही त्याने सांगायचं." कोणी बोलेना. तास संपेपर्यंत ते तसेच उभे राहिले.

ते मूळचे गणिताचे. पण संगणक शिकवणारे सर बदलून गेले होते, म्हणून मोठ्या सरांनी, म्हणजे मुख्याध्यापकांनी, संगणक कक्षाची जबाबदारीही यांच्या गळ्यात घातली. त्या कक्षाबद्दल थोडं सांगायला हवं. दहा-बारा संगणक होते, निम्मे चालायचे. सगळ्यांवर कापडी झाकणं. बाहेर चपला काढायच्या. किल्ली मोठ्या सरांच्या कपाटात. खंडेनवमीला संगणकांना हळदकुंकू आणि झेंडूची माळ असायची. एका वर्षी कुंकू इतकं उडालं की एका मशीनच्या आतला पंखा लाल झाला आणि मग ते मशीन कधी सुरूच झालं नाही. एरवी आत जायची ती 'हुशार गटा'ची मुलं. 'अ' तुकडीतली, निवडलेली. आम्ही 'ब' तुकडीवाले खिडकीला नाक लावून बघायचो. मला वाटायचं की संगणक हा हुशार मुलांचा विषय असतो. जशी कोणाला नवोदयची परीक्षा असते, तसा.

सरांनी किल्ली मागून घेतली आणि परत दिलीच नाही. दोन्ही तुकड्यांना मिसळून, गट पाडून आत न्यायला लागले. पहिल्या दिवशी आम्ही चपला काढायला लागलो तर म्हणाले, "घाला, घाला. अनवाणी या मशीनला हात लावायचा नाही." मग खिशातला टेस्टर काढून प्रत्येक मशीनच्या पत्र्याला लावून बघितला. रोज बघायचे. अर्थिंगवर त्यांचा विश्वास नव्हता.

"कोणाला येतं?" त्यांनी विचारलं.

चेतनने हात वर केला. चेतन म्हणजे गावातल्या कृषी केंद्रवाल्या भाऊंचा मुलगा. भाऊ शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष. चेतनच्या घरी लॅपटॉप होता. त्याच्यामागे अजून दोघांचे हात वर गेले.

"छान. तुमचे हात मागे घ्या. पाठीमागे. धरून ठेवा." मग त्यांनी वर्गावर नजर फिरवली. "कोणाला अजिबात येत नाही?"

आता तर कोणीच हात वर करेना. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. का ते माहीत नाही. मी खाली बघत होते म्हणून असेल. "तू बस. मशीनसमोर. आणि तू," चेतनला म्हणाले, "हिला सांग. हात लावायचा नाही. ज्याला येतं त्याचे हात मागे. ज्याला येत नाही त्याचे हात मशीनवर. हा नियम."

चेतन म्हणाला, "ते सुरू कर."

मी बसून राहिले.

"अगं ते. ते! तिथलं!"

"ते म्हणजे कोणतं?" सर म्हणाले. "ती तुझ्या डोक्यात बसलीय का?"

चेतनचे कान लाल झाले. त्याचा हात पुढे यायला लागला की सर त्याच्या कोपराला नुसतं बोट लावायचे आणि हात परत मागे जायचा. शेवटी तो म्हणाला, "खाली डब्बा आहे. त्याच्यावर सगळ्यात मोठं गोल बटण आहे. ते एकदा दाब आणि सोड." मी दाबलं आणि सोडलं. पडदा उजळला. एवढंच झालं त्या दिवशी. पण ते माझ्या हाताने झालं. घरी जाऊन मी आईला ते बोट दाखवलं होतं.

तो नियम वर्षभर चालला. हुशार मुलांना फार जड गेला. ज्याला येतं त्याला सांगावं लागायचं आणि सांगताना त्याला कळायचं की आपल्याला सांगता येत नाही. आम्हालाही सुखाचा होता असं नाही. एखादी गोष्ट मला नीट यायला लागली की सर ओळखायचे आणि म्हणायचे, "तुला यायला लागलं. ऊठ. हात मागे." खूप राग यायचा. येऊ नये असं वाटायचं.

आम्ही पडद्यावर रंगीत ठोकळे जोडून एक मांजर चालवायला शिकत होतो. ठोकळा म्हणजे एक हुकूम. 'दहा पावलं चाल', 'वळ', 'पुन्हा कर'. आमची मांजर चालत चालत पडद्याच्या बाहेर निघून जायची. "कुठे गेली?" सर विचारायचे. आम्ही म्हणायचो, "पळाली." ते म्हणायचे, "पळाली नाही. तुम्ही पाठवली."

लाइट नसले की ते स्वतःच मशीन व्हायचे. यातूनच गावात पहिली बोंब झाली. आमच्याकडे नळाला पाणी आठ-दहा दिवसांनी येतं. त्या दिवशी नेमकं पाणी आलेलं आणि लाइट गेलेले. सर आम्हाला शाळेच्या नळापाशी घेऊन गेले. "आज मी मशीन. मला बादली भरून आणायला सांगा. सांगाल तेवढंच करीन."

आम्ही ओरडून हुकूम दिले. बादली उचला. पुढे चाला. थांबा. खाली ठेवा. नळ उघडा. सरांनी नळ उघडला आणि उभे राहिले. बादली भरली. वाहायला लागली. पाणी त्यांच्या बुटांवरून, मग आवारातून, मग फाटकाखालून रस्त्यावर. आम्ही खिदळत होतो. तेवढ्यात शिपाई नाना धावत आले.

"सर! पानी जाई राह्यनं! बठ्ठं पानी जाई राह्यनं!"

सर हलले नाहीत. मान तशीच सरळ. नानांनीच नळ बंद केला. "काय व्हयनं सर? बरं शे ना?"

"मला थांब असं कोणी सांगितलं नाही," सर आमच्याकडे बघून म्हणाले. "नळ उघडा म्हणालात. बादली भरली की बंद करा, असं म्हणालात का? मांजर पण अशीच गेली."

मला आजही प्रोग्राम लिहिताना तो ओला बूट दिसतो. पण गावाला वेगळं दिसलं. फाटकाबाहेर हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायांनी पाणी वाहून जाताना पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीत एकच बोलणं, मास्तर येडा व्हयी गया. पुढच्या दिवशी त्यात भर पडली. धुळ्यात त्याचा क्लास असेल, इथली पोरं तिकडे ओढायची असतील. मशीनचे आतले भाग काढून विकत असेल, नाहीतर रोज पत्र्याला काय लावून बघतो? आणि हुशार पोरांना सोडून मजुरांच्या पोरींना पुढे बसवतो, त्याला काहीतरी कारण असेलच ना?

हे शेवटचं आमच्या घरी पोचलं.

"पोरीसले शाळा सुटनी तरी काबरं थांबाडी ठेवस हाऊ मास्तर?" आईने विचारलं. मी सांगितलं की मशीन कमी आहेत, आमचा नंबर शाळा सुटल्यावर लागतो. "मी येस उद्या," ती म्हणाली.

आणि खरंच आली. कापूस वेचून, कमरेची ओटी तशीच, डोक्यावर पदर घट्ट ओढून. मी शरमेने अर्धी झाले. कक्षाचं दार सताड उघडं होतं, ते नेहमीच असायचं, आणि सर उंबऱ्यात खुर्ची टाकून बसले होते. आई त्यांच्यासमोर उभी राहिली.

"मी हिनी माय. माले बघनं शे, तुम्ही काय शिकाडतस."

दुसरे कोणी शिक्षक असते तर दुखावले असते. सर उठून उभे राहिले. "संशय आला ना, अक्का? बरं केलं आलात. यायलाच पाहिजे. बसा." आणि त्यांनी आईला माझ्या जागेवर बसवलं. मला म्हणाले, "हिला येत नाही. तुला येतं. हात मागे."

मी म्हटलं, "आई, तठे दाब."

आईने पडद्यावर बोट दाबलं.

"तठे नही, तठे!"

"तठे म्हंजे कोठे? नीट सांग ना माय!" आई चिडली. मागे पोरी फिसफिस करायला लागल्या. सर नुसते माझ्याकडे बघत राहिले. चेतनला जे वाटलं असेल ते मला तेव्हा वाटलं. मला येत होतं आणि सांगता येत नव्हतं. शेवटी मांजर एकदा हलली, एवढीच. आई म्हणाली, "हाई कसाले कामनं?" सरांनी उत्तर दिलं, "ते मलाही अजून नीट कळलं नाही, अक्का. पण ज्यांना कळलंय ते फक्त स्वतःच्याच पोरांना शिकवतायत. म्हणून काहीतरी कामाचं असणार असा मला संशय आहे."

घरी येताना आईने पदर सैल केला. मग म्हणाली, "मास्तर वाईट नही." थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "पन त्याले सोताले येस का ते? त्यानी हात लाया का एकदा तरी? मुकादमसारखा हुभा राहास."

मी भांडले. पण ते डोक्यातून जाईना. मी आठवून बघितलं. सरांना मशीनला हात लावताना मी खरंच कधी पाहिलं नव्हतं. टेस्टर लावायचे, बस. पडद्यावर इंग्रजीत काही लिहून आलं की म्हणायचे, "वाचा. काय म्हणत असेल ते?" आमच्यापैकी कोणाला आलं तर ठीक, नाही तर म्हणायचे, "उद्या बघू," आणि दुसऱ्या दिवशी बसमधून उतरताना उत्तर तयार असायचं. तोवर मला ती शिकवायची पद्धत वाटत होती. आता मी त्यांच्या हातांकडे बघायला लागले. ते नेहमी मागे असायचे.

चेतनने तर उघडच म्हटलं. "सरांनाच येत नाही. म्हणून आमचे हात बांधून ठेवतात."

मला एक सहलही आठवते, पद्मालयची. गणपतीचं दर्शन झाल्यावर सरांनी आम्हाला मोजलं, मग चेतनला मोजायला लावलं, मग बसच्या ड्रायव्हरला. तिघांचे आकडे वेगळे आले. सोबत आलेल्या शाळेतल्या मॅडम रडकुंडीला आल्या, कोण हरवलं म्हणून. सर मात्र कधी नव्हे ते खूश. "तिघंही खरं बोलतायत. मग फरक का?" चेतनने स्वतःला मोजलं नव्हतं, ड्रायव्हरने शिक्षकांनाही मोजलं होतं. "आधी ठरवा काय मोजायचंय, मग मोजा," सर म्हणाले. चेतन माझ्या कानाशी म्हणाला, "हे येतं त्यांना. मशीन नाही येत."

दिवाळीनंतर तालुक्याच्या स्पर्धेचं पत्रक आलं. शाळेने संगणकावर काहीतरी करून दाखवायचं होतं. मोठे सर कक्षात आले ते आम्ही सगळे ऐकत असतानाच बोलले.

"सर, हुशार पोरं वेगळी काढा. स्पर्धेपर्यंत मशीनवर तीच बसतील. शाळेचं नाव व्हायला पाहिजे."

"आणि बाकीची?"

"बाकीची बघतील."

"बघून येत नाही, मोठे सर."

"तुम्हाला काय, सगळ्यांनाच इंजिनीअर करायचंय का?"

"नाही. पण कोण होणार नाही ते मला आजच माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

मोठे सर निघून गेले. त्यानंतर भाऊंनी तक्रार दिली की शिक्षक मुलांचे हात मागे बांधायला लावतात, येणाऱ्या मुलांना शिकू देत नाहीत, पाणी वाया घालवतात, आणि त्यांना स्वतःला विषय येत नाही. चौकशीला तालुक्याहून शिक्षण खात्याचे साहेब येणार असं ठरलं. मोठ्या सरांनी स्टाफरूममध्ये सांगून टाकलं होतं की साहेबांनी शेरा मारला की हुशार गट परत सुरू आणि किल्ली परत कपाटात. 'ब' तुकडीला ते बरोबर कळलं. त्या वेळी मी मांजरीला पडद्याच्या कडेपाशी थांबवायला नुकती शिकले होते. मला तिला परत वळवायचं होतं. माझं तेवढंच म्हणणं होतं, पण ते मला इतकं हवं होतं की जेवण जात नव्हतं.

साहेब आले. भाऊ, मोठे सर, चहा, बिस्किटं. सरांनी साहेबांसमोरही चहाचा वास घेतला. साहेबांनी आधी चेतनला जवळ बोलावलं.

"बाळ, सर मारतात का?"

"नाही साहेब."

"मग काय करतात?"

"हात मागे घ्यायला लावतात. आणि सांगायला लावतात."

"काय सांगायला?"

"सगळंच," चेतन इतका कंटाळून म्हणाला की साहेबांना हसू आलं. भाऊंना नाही आलं. ते म्हणाले, "साहेब, मुद्दा तो नाही. यांना स्वतःला येतं का, एवढं विचारा. कोणी पाहिलंय का?"

साहेब सरांकडे वळले. "करून दाखवा ना सर. ती मांजर काय आहे, ती चालवून दाखवा. विषयच मिटेल."

मी सरांच्या हातांकडे बघत होते. पाठीमागे एका हाताने दुसऱ्याचं मनगट इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती.

"मला येतं साहेब," सर म्हणाले. "म्हणून माझे हात मागे."

मग सरांनीच विचारलं, "तुम्हाला येतं, साहेब?"

"थोडंफार."

"मग तुमचेही मागे. इथे कोणाला अजिबात येत नाही?" त्यांनी सगळ्यांवरून नजर फिरवली आणि थांबवली. "भाऊ, तुम्हाला?"

"मला कशाला यायला पाहिजे? माझा मुलगा करतो."

"म्हणजे येत नाही. बसा."

साहेबांना गंमत वाटली असावी. "बसा भाऊ, बसा," ते म्हणाले. भाऊ बसले. ती छोटी खुर्ची कुरकुरली. चेतन पुढे सरकला, पण साहेबांनी 'ब' तुकडीच्या रांगेकडे बोट केलं. "ती मुलगी सांगेल."

ती मी होते.

भाऊंनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या शेतात आई कापूस वेचायला जायची. "तू सांगणार मला?" ते म्हणाले. रागाने नाही, त्यांना खरंच कळत नव्हतं.

मी हात मागे घेतले. आईचं बोट पडद्यावर दाबलेलं मला आठवलं. 'ते', 'तिथे', 'तसं' यातला एकही शब्द वापरायचा नाही असं मी ठरवलं. "भाऊ, तुमच्या उजव्या हाताशी माउस आहे. त्याच्यावर तळहात ठेवा. उचलू नका, टेबलावरच सरकवा. पडद्यावर एक छोटा बाण हलेल. बाण निळ्या ठोकळ्यावर न्या. माउसचं डावं बटण दाबून धरा. सोडू नका. बटण दाबलेलं ठेवूनच माउस उजवीकडे सरकवा." माझा आवाज मलाच परका वाटत होता. भाऊंचा ठोकळा दोनदा सुटला. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "हॅट् तिच्यायला!" आणि सगळे हसले, साहेबसुद्धा. मग ठोकळे जुळले, मांजर चालली, पडद्याच्या कडेपर्यंत गेली आणि थांबली.

भाऊ तिच्याकडे बघत बसले. "परत वळत नाही का ती?" त्यांनी विचारलं.

"ते मला अजून येत नाही," मी म्हटलं.

साहेब उठले. "पद्धत विचित्र आहे," ते मोठ्या सरांना म्हणाले. "पण वर्ष संपेपर्यंत सगळ्यांना चालू द्या. मग बघू." जाताना त्यांनी एकदा सरांच्या पाठीमागच्या हातांकडे पाहिलं.

वर्ष संपेपर्यंत चाललं, आणि नववीचे पहिले काही महिनेही चाललं. माझी मांजर वळली. मग सरांची धुळे जिल्ह्यात बदली झाली, साक्रीच्या पुढे कुठेतरी. कोणी म्हणे घालवलं, कोणी म्हणे आपणच अर्ज केला होता, घर जवळ पडावं म्हणून. चेतन म्हणायचा, पकडले जातील म्हणून पळाले. निरोप समारंभात मोठे सर म्हणाले, "आम्हाला यांची उणीव भासेल." सर माइकशिवाय, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खोटं." दुसऱ्या आठवड्यात कक्षाला कुलूप लागलं. मी जाऊन ते तीनदा ओढून बघितलं होतं.

आता मी जळगावला बी. एस्सी. कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. घरातली पहिलीच. इथे प्रॅक्टिकलला सगळे म्हणतात, "येस मॅम, कळलं." मी गप्प बसते, मग हात वर करते. पण जितकं शिकत गेले तितका तो जुना संशय वाढत गेला. सरांनी आम्हाला एकाही मेनूचं नाव कधी सांगितलं नव्हतं. एकही शॉर्टकट नाही. जो माणूस मशीन वापरतो त्याच्या बोलण्यात ते आपोआप येतं, हे आता मला कळतं. ज्या माणसाने आम्हाला दर तासाला खोटारडं ठरवलं, त्याने साहेबांसमोर काय सांगितलं होतं? मला कोणाला विचारता येत नव्हतं.

या मे महिन्यात चेतनचा फोन आला. तो धुळ्याला इंजिनीअरिंगला आहे. आम्ही फार बोलत नाही. जिल्ह्यातल्या शिक्षकांना संगणकाचं प्राथमिक प्रशिक्षण होतं आणि त्याच्या कॉलेजची मुलं मदतीला दिली होती.

"आपले खोटं सर आले होते," तो म्हणाला. "रिटायर व्हायला थोडेच दिवस राहिलेत त्यांचे. पहिल्या बाकावर. खिशाला टेस्टर."

"तुला ओळखलं?"

"माहीत नाही. मी सगळ्यांना विचारलं, कोणाला अजिबात येत नाही? सगळे गप्प. तुला माहितीये ना, शिक्षक कधी सांगतात का? त्यांनी एकट्यांनी हात वर केला."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"उठून आले आणि मशीनसमोर बसले. आधी पत्र्याला टेस्टर लावला. मग माउस धरला, पण कसा सांगू, दोन बोटांनी, करंट लागेल असा. मी सवयीने म्हटलं, सर, ते क्लिक करा. तर माझ्याकडे न बघता म्हणाले, ते म्हणजे कोणतं? मी तुझ्या डोक्यात बसलोय का?"

"मग?" मी विचारलं. "मग तू काय केलंस?"

"काय करणार?" चेतन म्हणाला. "हात मागे घेतले."